खुणेची अंगठी सोडून दुसरं काही सुचवा (सातवाहनकालीन प्रेमकथेसाठी)

दंतकथा

नमस्कार मंडळी. दोन वर्षं एक कादंबरी रखडली आहे, म्हणून इथे पदर पसरतोय.

काळ सातवाहनांचा, इसवी सनाचं पहिलं शतक. नायक भोगवर्धनचा दंतकार, म्हणजे हस्तिदंतात कोरीवकाम करणारा. भोगवर्धन म्हणजे आपलं जालना जिल्ह्यातलं भोकरदन. नायिका यक्षी आहे. रूपकातली नाही, खरोखरची. गावाबाहेरच्या झाडात राहते आणि कुणाला दिसायचं ते स्वतः ठरवते. तो पावसाळा तोंडावर असताना तांड्याबरोबर भरुकच्छाला, म्हणजे भडोचला जातो आणि परत येतो तेव्हा तिला साफ विसरलेला असतो. का विसरतो ते ठरलेलं नाही. शाप नको आहे, आपल्याकडे शाप फार झाले.

आठवण परत यायला एखादी वस्तू हवी. मी नाव कोरलेली अंगठी घातली आणि प्रकरण बहिणीला वाचायला दिलं. तिने दोन पानं वाचून विचारलं, "आता मासा येणार ना?" त्या दिवसापासून वही उघडलेली नाही.

जुन्या नाटकांत, काव्यांत खुणेच्या वस्तू कशा वापरल्या आहेत आणि त्यातली कोणती अजून शिळी झालेली नाही, सांगाल का? अर्ध्या-अर्ध्या तुटलेल्या लॉकेटचा सल्ला कृपया देऊ नये.

अंगणवेल

बहिणीला माझा दंडवत सांगा. हहपुवा.

जुना_मास्तर

दंतकथाताई, अंगठीला एवढं टाकून बोलू नका. तिची जन्मकथा बघा.

महाभारतातल्या शकुंतलेकडे अंगठी नाही. दुर्वासाचा शापही नाही. आदिपर्वातला दुष्यंत काहीही विसरलेला नसतो. व्यास स्पष्ट सांगतात की आठवत असूनही तो 'आठवत नाही' म्हणाला. शेवटी आकाशवाणी होते आणि मग राजा म्हणतो, मला ठाऊक होतंच, पण नुसत्या तिच्या शब्दावर घेतलं असतं तर लोकांनी शंका घेतली असती. थोडक्यात, तिथला नायक खोटारडा आहे. तसा माणूस प्रेमनाटकाचा नायक होणार कसा? म्हणून कालिदासाने 'अभिज्ञानशाकुंतल' नाटकात शाप आणला आणि शापाला उतारा म्हणून 'अभिज्ञानाभरण', म्हणजे ओळख पटवणारा दागिना आणला. अंगठी आली ती दुष्यंताची अब्रू वाचवायला.

बरं, अंगठीची कल्पनाही अगदी कोरी नव्हती. बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांत 'कट्ठहारि जातक' आहे. काशीचा राजा ब्रह्मदत्त रानात लाकडं गोळा करणाऱ्या बाईवर भाळतो आणि जाताना मुद्रिका देऊन सांगतो, मुलगी झाली तर ही विकून तिला वाढव, मुलगा झाला तर मुद्रिका आणि मुलगा घेऊन माझ्याकडे ये. ती येते. राजा ओळख नाकारतो. अंगठी समोर धरली तरी म्हणतो, माझी नव्हे. मग ती सत्यक्रिया करते, म्हणजे आपल्या खरेपणाची शपथ घेऊन पोराला वर फेकते, आणि पोर हवेत मांडी घालून बसतं.

म्हणजे या गोष्टींत अंगठी मुळात प्रेमाची खूण नाहीच. ती पितृत्वाचा कागद आहे. तुम्ही तिच्यावर प्रेमाचं ओझं टाकलंत म्हणून ती मोडली.

दंतकथा

मास्तर, ताई नाही, दादा. बाकी 'पितृत्वाचा कागद' हे पटलं. माझ्या कथेत मूल नाही, त्यामुळे अंगठी तशीही बेकार होती.

तिसरी_घंटा

अंगठीची पहिली एन्ट्री कुणी लक्षात घेत नाही म्हणून लिहितो. पहिल्याच अंकात सखी प्रियंवदा शकुंतलेला अडवते, 'दोन झाडांना पाणी घालायचं तुझ्याकडे बाकी आहे, ते फेडून जा.' दुष्यंत ते देणं फेडायला आपली अंगठी पुढे करतो. मुली तिच्यावरचं नाव वाचतात आणि चपापतात. मग प्रियंवदा म्हणते, तर मग ही बोटापासून वेगळी व्हायला नको. काय वाक्य आहे! पुढचं अख्खं नाटक तिथे ठेवलंय, आणि निमित्त काय, तर झाडांचं पाणी.

अवांतर: अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत शाकुंतलाचा पहिला प्रयोग पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० ला झाला तो पहिल्या चार अंकांचाच. म्हणजे त्या रात्री शकुंतला माहेराहून निघाली ती अंगठी बोटात ठेवूनच. हरवण्याआधीच पडदा. मला कायम वाटतं, त्या प्रेक्षकांइतकी सुखाची झोप पुढे कुठल्या प्रेक्षकाला लागली नसेल.

खाडीकाठचा

माशाबद्दल बोलायला इथे कुणीतरी हवं होतं, म्हणून आलो.

नाटकातला मासा रोहित, म्हणजे रोहू. नदीचा मासा. सुरमईसारखा शिकारी नव्हे. थोराड रोहू पाला, शेवाळ खातो, तोंड जरा खालच्या अंगाला वळलेलं, ओठांना झालर. चमकती वस्तू दिसली म्हणून झडप घालणाऱ्यांतला नाही. तळाशी चरताना अंगठी पोटात गेली असेल तर गेली. तेवढी मुभा कालिदासाला देऊ. आमच्या आजीला एकदा माशाच्या पोटात गळ सापडला होता, गंजलेला. सोनं सापडलं असतं तर मी इथे टंकत बसलो नसतो.

पण त्या प्रसंगातलं खरं सोनं म्हणजे ती अंगठी सापडलेला धीवर, म्हणजे कोळी. दोघे शिपाई, सूचक आणि जानुक, त्याला चोर म्हणून बडवत आणतात. सुळावर चढवायच्या आधी घालायच्या माळेची भाषा चालू. राजाकडून अंगठीच्या मोलाइतकं बक्षीस येतं, तो त्यातलं अर्धं या दोघांना देऊन टाकतो, आणि लगेच दोस्ती पक्की करायला सगळे गुत्त्याकडे. दोन हजार वर्षांत पोलीस चौकीबाहेरचं काय बदललं, सांगा मला.

जुना_मास्तर

दोन हजार नव्हे, कालिदास बहुधा गुप्तकाळातला, तेव्हा सोळाशेच्या आसपास धरा. बाकी निरीक्षण चोख. तो धीवर आणि शिपाई मागधी प्राकृतात बोलतात, 'र'चा 'ल' आणि 'स'चा 'श' करत. राजा ज्या भाषेत बोलतो तिच्यात ती अंगठी हरवल्याची बातमीसुद्धा नाही. खालच्या भाषेतून ती सापडते.

आणि मासा घेऊन येणारी अंगठी ग्रीकांकडेही आहे. हिरोडोटसने सामोसच्या पॉलिक्रेटीसची गोष्ट दिली आहे. नशीब फार जोरावर आहे, देवांना खुपेल, म्हणून तो लाडकी अंगठी मुद्दाम समुद्रात टाकतो. काही दिवसांनी कोळी मोठा मासा नजर करतो, त्याच्या पोटात तीच अंगठी. तिथे अंगठी परत येणं हा अपशकुन आहे! तीच वस्तू, तोच मासा, अर्थ उलटा. दंतकथादादा, वस्तूला अर्थ नसतो, तिच्या वाटेला असतो.

वऱ्हाडी_ठेचा

अंगठीचं चाललंच आहे तर आमच्या पोरीचं पण ऐका ना भाऊ. मालविका. 'मालविकाग्निमित्र' वाचलेल्यांपैकी निम्म्यांना ती विदर्भाची राजकन्या होती हे आठवत नाही. विदिशेचा अग्निमित्र खराखुरा शुंग राजा, आणि नाटकाच्या शेवटी विदर्भाचे दोन भाग होतात, मधली हद्द वरदा नदी. वरदा म्हणजे आपली वर्धा.

तिथे अंगठी आहे, पण तिच्यात रडारड नाही. राणी धारिणीने मालविकेला तळघरात कोंडलेलं असते. पहारेकरणीला हुकूम असतो, माझी सर्पमुद्रा दाखवेल त्यालाच सोडायचं. मग विदूषक बोटाला काट्याचे ओरखडे काढून 'साप चावला, साप चावला' म्हणून लोळतो. वैद्य निरोप पाठवतो की उताऱ्याला सापाची खूण असलेली वस्तू पाहिजे. राणी बिचारी भल्या मनाने आपली अंगठी काढून देते. झालं काम! किल्ली म्हणून अंगठी, अन् तीही सवतीच्या हातून.

दुसरी गोष्टही आमचीच. कुंडिनपूरची दमयंती (अमरावती जिल्ह्यातलं कौंडिण्यपूर म्हणतात ते). नळ-दमयंतीत खूण आहे ती एक फाटकं लुगडं. नळाचं वस्त्र पक्षी घेऊन गेलेले, दोघं एकाच वस्त्रात. ती झोपलेली असताना तो तलवारीने अर्धं कापून घेतो अन् निघून जातो. पुढे ओळख कशी पटते? दमयंती बाहुकाने, म्हणजे रूप बदललेल्या नळाने, रांधलेलं मांस मागवून चाखते, अन् चवीवरून ओळखते. हात लपवता येतो, हाताची चव नाही लपत.

अंगणवेल

हाताची चव! वाचनखूण साठवली. लेखकराव, तुमच्या दंतकाराला स्वयंपाक येतो का?

अळूचं_फदफदं

इतका वेळ वाचत होते. आता राहवत नाही.

तुम्ही सगळे वस्तूबद्दल बोलताय, पण ती कुणी सांभाळायची हे कुणी विचारत नाही. अंगठी द्यायची त्याने, जपायची तिने. हरवली तर चूक तिची. विसरला तो, आणि भर दरबारात मोकळं बोट धरून उभी राहिली ती. सोबत आलेली वृद्ध तापसी गौतमी म्हणते, शचीतीर्थाला पाण्याला वंदन करताना निसटली असेल. त्यावर दुष्यंत हसून 'बायकांना लगेच सुचतं' छापाचं काहीतरी बोलतो. मला ते कॉलेजात शिकवताना सरांनी घाईने उरकलं होतं.

आणि शापाची गोष्ट सख्यांनी तिला सांगितलेलीच नसते. तिचं मन कोवळं म्हणून. फक्त जाताना म्हणतात, राजाने ओळखायला वेळ लावला तर ही दाखव. म्हणजे आपण काय जपतोय हेही जिला माहीत नाही तिच्यावर पुराव्याची जबाबदारी!

तुमच्या यक्षीच्या हातात असली वस्तू देऊ नका. विसरणारा तो आहे, तर खूण त्याने वागवावी.

जुना_मास्तर

आक्षेप बरोबर आहे, पण कालिदासाला तो माहीत नव्हता असं समजू नका. सातवा अंक काढा.

मारीच ऋषींच्या आश्रमात दुष्यंताला एक मुलगा सिंहाच्या छाव्याचे दात मोजताना दिसतो. पोराला शांत करायला तापसी मातीचा रंगवलेला मोर आणते आणि म्हणते, 'शकुंत-लावण्य बघ', म्हणजे पक्ष्याचं सौंदर्य. पोर इकडेतिकडे बघत विचारतं, 'आई कुठाय?' शब्दांत आईचं नाव ऐकू आलेलं असतं. त्याच्या हातातली रक्षा, म्हणजे ताईत, गळून पडलेली असते. अपराजिता नावाची वनस्पती, आईबाप सोडून कुणी उचलली तर साप होऊन चावणारी. दुष्यंत ती सहज उचलतो. तापसी बघतच राहतात.

म्हणजे ओळख पटते ती मातीच्या खेळण्याने आणि एका मुळीने. अंगठीने नव्हे. आणि नंतर शकुंतलेला अंगठी दिसते, दुष्यंत ती पुन्हा तिच्या बोटात घालायला जातो, तेव्हा ती काय म्हणते? 'माझा हिच्यावर विश्वास नाही. आर्यपुत्रांनीच घालावी.'

अळूचं_फदफदं

मास्तर, हे मला आठवत नव्हतं. पुन्हा वाचते. पण मग नाटकाचं नाव त्या अंगठीवरून का, हा प्रश्न राहतोच.

ओवी_दळणाची

मंडळी, अंगठीवरचा हिशोब कुणी केलाय का? सहाव्या अंकात दुष्यंत सांगतो, निघताना मी तिला म्हणालो होतो, यावरचं माझ्या नावाचं एक अक्षर रोज मोज, शेवटाला पोचशील तोवर तुला न्यायला माणूस येईल. दु-ष्य-न्त. तीन अक्षरं. तीन दिवस!

याच्या शेजारी हालाच्या 'गाथासप्तशती'तली एक गाथा ठेवते. आपल्या महाराष्ट्री प्राकृतातली, सातवाहनांचीच, म्हणजे लेखकांच्या काळाला कालिदासापेक्षा जवळची. नवरा परगावी गेलाय. ती 'अज्जं गओ त्ति', आज गेला, आज गेला, आज गेला असं मोजत भिंतीवर रेघा ओढते. पहिल्या अर्ध्या दिवसातच सगळी भिंत रेघांनी भरून जाते.

राजाच्या सोन्यावर तीन अक्षरं, आणि हिच्या मातीच्या भिंतीवर अर्ध्या दिवसात अगणित रेघा. मला विचाराल तर संस्कृत साहित्यातली सगळी अंगठीप्रकरणं त्या भिंतीवरून ओवाळून टाकावीत. भिंत कुणाला दाखवायला नेता येत नाही, हरवतही नाही.

तिसरी_घंटा

दंडवत.

खाडीकाठचा

भिंत पावसात धुऊन जाते पण. कोकणात या एकदा.

ओवी_दळणाची

भोकरदनला कोकणाइतका पाऊस नाही :)

सुकलेली_बकुळ

आयडीवरून कळलंच असेल काय सुचवणार आहे. भवभूतीचं 'मालतीमाधव'. भवभूतीही विदर्भातल्या पद्मपूरचा, वऱ्हाडी_ठेचा यांनी नोंद घ्यावी.

मदनोत्सवात माधव वेळ जात नाही म्हणून झाडाखाली पडलेल्या बकुळीच्या फुलांचा हार ओवत बसतो. मालती दिसते आणि हाराचा शेवटचा भाग वाकडातिकडा होतो. मालतीची सखी लवंगिका येऊन तो हार मागून नेते. पुढे मारामारी, कापालिक, चामुंडेच्या देवळात बळी द्यायला नेलेली नायिका, सगळा मसाला आहे. त्या कापालिकाची शिष्या कपालकुंडला मालतीला पळवते, माधव जीव द्यायला निघतो, आणि तेव्हा सौदामिनी नावाची योगिनी येऊन त्याच्यासमोर तीच बकुळमाला धरते. ती जिवंत आहे, याची खूण.

आता सांगा, मोगऱ्याचा हार असता तर इतक्या दिवसांनी काय उरलं असतं? बकुळ सुकली तरी वास धरून राहते. आईच्या ट्रंकेत तिच्या आईने ठेवलेली बकुळ अजून आहे, तपकिरी झालेली, पण झाकण उघडलं की कळतं. आणि भवभूतीने हार नायकाकडून ओववला आहे. दुकानातून आणलेली भेट नव्हे ती, त्याच्या हातचं काम, चुकलेल्या टोकासकट. नायिकेने तो चुकलेला भागच जास्त वाखाणलेला असतो, हे तर कळसच.

दंतकथा

बकुळताई, हे थेट लागलं. माझा नायक कारागीर असून मी त्याच्या हाताला काहीच काम दिलं नव्हतं. अंगठी तर सोनाराची.

तेरणाकाठ

पुरातत्त्वात थोडंफार काम केलंय, म्हणून आधी दुरुस्त्या.

एक, तुमचा तांडा पावसाळ्याआधी निघतो हे चुकीचं आहे. पश्चिमेला जाणारी जहाजं पाऊस संपून वारं ईशान्येकडून वाहायला लागलं की निघत. माल तोवर बंदरात पोचवायचा, म्हणजे दसऱ्याच्या आसपास निघा. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचहून पैठण दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून तगर पूर्वेला दहा दिवसांवर दिलंय. तगर म्हणजे आमचं तेर. भडोचहून जाणाऱ्या मालात हस्तिदंत आहेच.

दोन, यक्षीला मंगळसूत्र घालू नका. हसू नका, अशी हस्तलिखितं माझ्याकडे अभिप्रायाला आली आहेत. शंखाच्या बांगड्या, अकीक-कार्नेलियनचे मणी, भाजक्या मातीची कर्णभूषणं, हस्तिदंती फण्या, यातलं काय हवं ते घ्या.

आता मुद्द्याचं. तुमच्या नायकाची खूण तुम्ही शोधताय, पण ती आधीच सापडलेली आहे. १९३८ साली पाँपेईच्या उत्खननात एक हस्तिदंती बाई मिळाली. साधारण २४-२५ सेंटिमीटर उंच, अंगावर दागिनेच दागिने, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडली गेलेली. आधी तिला लक्ष्मी म्हणायचे, आता बहुतेक जण यक्षी म्हणतात. सध्या नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्यासारख्याच घडणीच्या हस्तिदंती बाया कुठे मिळाल्या? तेरला आणि भोकरदनला. तेरची मूर्ती लामतुरे संग्रहालयात बघता येते.

आणि पाँपेईच्या मूर्तीच्या डोक्यात वरून आत गेलेलं एक भोक आहे. त्यात काहीतरी बसवलेलं होतं. काही जण आसनाचा किंवा मेजाचा पाय म्हणतात, काही आरशाची मूठ. वर काय होतं ते गेलंय, बाई तेवढी राहिली आहे.

वऱ्हाडी_ठेचा

अंगावर काटा आला राजेहो.

जुना_मास्तर

तेरणाकाठ, त्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी अक्षर आहे ना? खरोष्ठी वायव्येकडची लिपी. मग ती मराठवाड्यातली कशी म्हणता?

तेरणाकाठ

आहे, आणि वाद त्यावरच चालतो. व्यापाऱ्याची किंवा जोडणीची खूण नंतर कोरली असू शकते, कारागीर इथला आणि अक्षर वाटेतलं. किंवा मूर्तीच तिकडची. दंतकार फिरतेही असणार. सांचीच्या दक्षिण तोरणावर 'विदिशेच्या दंतकारांनी हे कोरीवकाम केलं' असा लेख आहे, म्हणजे हस्तिदंतावरचा हात दगडावरही चालायचा. कादंबरीला एवढी फट पुरे. मी मात्र शोधनिबंधात 'भोकरदनचीच' असं लिहिणार नाही.

अळूचं_फदफदं

थांबा, म्हणजे दंतकाराने यक्षीचीच मूर्ती कोरली, आरशाची मूठ म्हणून, आणि तीच जहाजातून विकली गेली? त्याने तिला विकलं? अंगठी हरवण्यापेक्षा हे कितीतरी वाईट आहे. मला आवडलं.

ओवी_दळणाची

आणि मूर्ती परत येत नाही. मासा नाही, धीवर नाही. आपल्याला माहीत आहे ती कुठे आहे, त्या दोघांना कधीच कळणार नाही.

सुकलेली_बकुळ

मग आठवण परत कशी येणार? कथेची गरज ती आहे ना. खूण परत आली नाही तर ओळख कशाने पटायची?

दंतकथा

तीन दिवस इथे आलो नाही, कारण लिहीत होतो. (वही उघडली. बहिणीला कळवलंय.)

सध्या असं आहे. आरसा दोन भागांत. हस्तिदंती मूठ त्याने कोरलेली, यक्षी समोर उभी असताना. वरची काशाची तबकडी तिच्याकडची, कुठून आणली ते ती सांगत नाही. कर्ज फेडायला तो मूठ तबकडीशिवाय विकतो. तबकडी घरात राहते. अळूताईंनी म्हटल्याप्रमाणे खूण त्याच्याकडेच. यक्षी तबकडीत दिसते, झाडाजवळ नाही. तो भरुकच्छाहून येतो तेव्हा तबकडी काळवंडलेली असते आणि त्यात कुणीच दिसत नाही. म्हणजे शाप नाही, फक्त घासायचं राहून गेलं. हळूहळू तो तिला विसरतो. भिंतीवरच्या रेघा ओवीताईंच्या परवानगीने यक्षीला दिल्या आहेत. तिच्या झाडाच्या सालीवर.

तांब्या-पितळेचं कुणी आहे का इथे? काशाचा आरसा काळवंडायला किती दिवस लागतील?

तांबट_आळी

आहे. घरात चार पिढ्या ठोक्याचं काम, मी कल्हई लावणारे हात बघत मोठा झालो.

आधी धातू. भांड्याला लागतं त्यापेक्षा आरशाच्या काशात कथील जास्त लागतं. कथील वाढलं की धातू पांढुरका होतो आणि झाक चांगली घेतो, पण ठिसूळ होतो, हातातून पडला तर तडकेल. ओतूनच करायचा, ठोकून नव्हे. केरळात आरन्मुळ्याला असे धातूचे आरसे अजून ओततात आणि कित्येक दिवस घासत बसतात. तुमच्या यक्षीने तबकडी दिली तेव्हा ती कापडात गुंडाळूनच दिली पाहिजे, हे लिहा.

किती दिवसांत काळवंडेल, ते हवेवर आणि हातावर आहे. चुलीच्या धुरात, पावसाच्या ओलीत ठेवलीत तर एका पावसाळ्यात चेहरा धूसर होईल. साफ काळी पडायला जास्त. बोटांचे ठसे उठले असतील तर ते आधी दिसतात, घामाने तिथे पहिलं चढतं. म्हणजे कुणी धरली होती ते काळवंडताना कळतं. ही गंमत तुम्हाला फुकट.

दंतकथा

ठशांचं वापरतोय! शेवटी तो ती घासायला घेतो आणि ती दिसते, असा शेवट आहे. कशाने घासेल?

तांबट_आळी

राखेने. चाळलेली, बोटाला खर लागणार नाही अशी. मग तेल लावून मऊ कापड, एकाच दिशेने. रगडायचं नाही, चरे पडतात. शेवटची झाक तळहाताने.

पण एक अडचण तुमच्या लक्षात आली नाही वाटतं. घासायला बसला की तबकडी मांडीवर, तोंड तिच्यावर वाकलेलं. धातू उजळायला लागला की त्यात दिसतो तो घासणाराच. आणि ते बोटांचे ठसे तर तुम्ही पहिल्या चार हातांतच पुसून टाकलेले असतील.

दंतकथा

बोंबला. परत अडकलो.